राजीची जट

सोलापूर,
पौष वद्य पंचमी, शके १८५१

प्रिय मुक्ता,

तुझं दिवाळीतलं पत्र वेळेवर पोचलं होतं. वाचून कोनाड्यात ठेवलं आणि उत्तर राहूनच गेलं. का राहिलं ते पुढे येईल. आज सासूबाई देवळात गेल्या आहेत, राजीचे वडील गिरणीत आहेत आणि राजीला मी शेजारच्या बजाबाईंकडे शेंगा फोडायला बसवलंय. दाराशी उजेडात बसून लिहिते आहे. अक्षर वेडंवाकडं येतंय, ते चालवून घे. मराठी चौथीनंतर हातात टाक धरायची वेळ मला फक्त तुझ्यामुळेच येते.

माझे आण्णा आपल्या शाळेत शिपाई होते म्हणून मला शाळा मिळाली, नाहीतर मेंढरांमागे फिरणाऱ्यांच्या घरातली मुलगी कुठली शाळेत बसते. तू मास्तरांची, मी शिपायाची, पण तरट एकच होतं. शाळा सुटली की आण्णा कुलूप लावायचे आणि आपल्या दोघींना घेऊन सिद्धेश्वराच्या तळ्याकडे निघायचे. तिथे ते नुसते हात जोडून उभे राहायचे. तू एकदा त्यांना विचारलंस, आण्णा, तुम्ही देवाकडे रोज काय मागता. ते म्हणाले, "मागायचं काय, बाळ. मी आलोय एवढं त्याला दिसलं की झालं." आपल्याला हसू आलं होतं. पुढे दोन वर्षांत तुझं कपाळ पांढरं झालं, भावानं तुला पुण्याला शिकायला नेलं, तू शिक्षिका झालीस. मागच्या पत्रात तू लिहिलंस की देवाशी बोलणं मी आता सोडलंय, उत्तर न देणाऱ्याशी किती दिवस बोलायचं. त्यावर काय लिहावं ते तेव्हा मला सुचलं नव्हतं. आजही सुचलंय असं नाही. पण मला जे लिहायचंय ते त्याच्याच आसपासचं आहे.

राजी दोन वर्षांची असताना तिला देवी आल्या होत्या, ते तुला ठाऊक आहे. अंगावर तीळ ठेवायला जागा उरली नव्हती. डोळे चिकटलेले, घशातून आवाज फुटत नव्हता. आम्ही लिंबाचा पाला अंथरून त्यावर तिला निजवलं होतं. सासूबाईंनी एका पहाटे ओल्या लुगड्यानं यल्लम्मापुढे पदर पसरला आणि म्हणाल्या, यल्लव्वा, ही पोर वाचली तर तुझीच. तुझ्या पदरात घालीन. मी स्वयंपाकघरात होते, मला हे मागाहून कळलं. खरं सांगते, त्या दिवशी मला राग आला नाही. पोर वाचली होती. ज्यांनी कुणी काही बोलून तिला वाचवलं असेल त्यांच्या मी पाया पडले असते. पदरात घालणं म्हणजे काय, गळ्यात देवीचे मणी बांधायचे, लग्न नाही, घर नाही, परडी घेऊन दारोदार जोगवा मागायचा आणि पुढे जो कुणी ठेवील त्याच्याकडे राहायचं, हे सगळं मला माहीत होतं. पण राजी तेव्हा इतकीशी होती आणि ते सगळं इतकं लांब होतं, की सासूबाई विसरतील असं मी धरून चालले.

त्या विसरल्या नव्हत्या. या श्रावणात राजीच्या डाव्या कानामागे केसांचा एक गुंता झाला. मी तेल लावून सोडवायचा प्रयत्न केला, सुटेना. चार दिवसांत त्याची दोरीसारखी जट झाली. सासूबाईंनी पाहिलं आणि माझ्या हातातून फणी काढून घेतली. संध्याकाळी त्या मायाक्काला घेऊन आल्या. मायाक्का म्हणजे आमच्या भागातली म्हातारी जोगतीण, यल्लम्माच्या देवळात राहते. तिनं जटेला हळदकुंकू लावलं, राजीच्या कपाळावर भंडारा ओढला आणि म्हणाली, "आईचं बोलावणं आलंय." राजी माझ्याकडे बघत होती. तिला वाटलं काहीतरी सण आहे.

आणि भिमा, राजीच्या पाठचा. तुला मी भिमाबद्दल फार कधी लिहिलं नाही. नजर लागेल अशी भीती वाटायची. दिसायला थेट आण्णांसारखा होता. पाच वर्षांचा झाला तरी बोबडं बोलायचा, राजीला "लाजी" म्हणायचा. बापाला डबा द्यायला मी गिरणीच्या दारापर्यंत गेले की हा माझ्याआधी धावायचा आणि भोंगा वाजला की दोन्ही कान धरून माझ्या लुगड्यात घुसायचा. रात्री त्याला राजीच्याच शेजारी निजायचं असे. तिनं त्याला शाळेतली बाराखडी शिकवली होती, पण तो "क" च्या पुढे गेला नाही, कारण "क" म्हणजे काकडी आणि मग काकडीच पाहिजे.

दिवाळी झाली आणि त्याला ताप भरला. आधी वाटलं थंडीचा असेल. मग उतरेना. सरकारी दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी पोट दाबून पाहिलं, जीभ पाहिली आणि म्हणाले, हा मुदतीचा ताप आहे, याला औषध नाही. पातळ दूध, उकळलेलं पाणी आणि सांभाळ. बाकी वरच्याच्या हातात. मुक्ता, इतका शिकलेला माणूससुद्धा शेवटी छताकडेच बोट दाखवतो, हे मी त्या दिवशी पाहिलं. घरी आलो तर चाळीतल्या बायका दारात बसलेल्या. त्यांच्यात निदान आधीच झालं होतं. बोलावणं येऊन महिने झाले, पोरगी अजून घरात. आई दुसऱ्या वाटेनं मागणारच.

सासूबाईंना वाईट म्हणू नकोस. मीही म्हणत नाही. भिमाच्या आजारात त्यांनी जमिनीला पाठ टेकली नाही. एक वेळ जेवत होत्या, तेही मीठ सोडून. त्याच्या तोंडात चमच्यानं पाणी त्याच घालायच्या. आणि राजीवर त्यांचा जीव नाही असंही नाही. एकदा त्या मला म्हणाल्या, "निंगव्वा, मी तिला विकती का काय? आईच्या घरी धाडती. मी दिलेला शब्द हाय. शब्द माजा, आन् भोगतंय हे लेकरू. मला हे बगवंना झालंय." मी म्हटलं, अत्ती, शब्द तुमचा आहे तर तुम्ही जा. त्या म्हणाल्या, "आईनं म्हातारी मागितली असती तर कवाच गेले असते की." हे त्या खोटं बोलत नव्हत्या. राजीचे वडील भिंतीला टेकून बसले होते. मी त्यांच्याकडे पाहिलं. ते म्हणाले, "मला काय बी कळंना. एक दिऊन एक वाचत असंल तर..." आणि उठून कामावर गेले. त्या दिवशी त्यांची पाळीसुद्धा नव्हती.

कार्तिक संपता संपता भिमाचा ताप उतरला. अंगाला घाम सुटला, त्यानं डोळे उघडले आणि काकडी मागितली. मी इतकी हलकी झाले, की मला वाटलं देवानंच मला सांगितलं, बघ, मी काही मागत नव्हतो. दुपारी सासूबाई डोळा लागून पडल्या होत्या. मी राजीला मांडीवर घेतलं, कातर घेतली आणि जट कापली. राजी हलली नाही. एवढंच म्हणाली, "आई, मान हलकी झाली." ती जट पदरात बांधून मी यल्लम्माच्या देवळात गेले. मायाक्का बाहेर गेली होती. गाभाऱ्यात मी एकटी. जट देवीपुढे ठेवली आणि म्हटलं, आई, हे तुझं असेल तर हे घे. पोर माझी आहे. तूही आई आहेस, तुला कळेल. मला कशाचीही भीती वाटली नाही. आण्णांबरोबर तळ्यावर उभं राहताना वाटायचं तसं वाटलं. मुक्ता, माझ्या आयुष्यात देवावर इतका भरवसा मला कधीच वाटला नव्हता. म्हणून पुढचं लिहायला हात उचलत नाही.

चौथ्या दिवशी ताप परत आला. या वेळी त्यानं वेळ घेतला नाही. भिमाचं पोट फुगलं, तो कण्हायला लागला, मग कण्हणंही थांबलं. शेवटच्या सकाळी तो राजीचा हात धरून होता. तो सुटला तेव्हा राजीलाच आधी कळलं. ती म्हणाली, आई, ह्याचा हात बघ. मातीला नेताना त्याचे वडील त्याला एकट्यानं उचलून घेऊन गेले, दुसऱ्या कुणाला हात लावू दिला नाही.

डॉक्टर म्हणाले, हा ताप असा परततो, कित्येकांचा परततो. सासूबाई म्हणाल्या, जट कापल्यावर दुसरं काय होणार होतं. दोघांच्याही आवाजात खात्री होती. माझ्याकडे तेवढी एक गोष्ट नव्हती. अजूनही नाही. भाकरी थापताना, पाणी भरताना, कुठेही असले तरी माझ्या डोळ्यांपुढे ती कातर येते. मी कापली नसती तर? हे मी कुणाला विचारू? डॉक्टरांना विचारलं तर ते हसतील. सासूबाईंना विचारलं तर त्या रडतील. आणि देवाला विचारलं, तर तू म्हणतेस तेच. तो बोलत नाही. या संक्रांतीला चाळीतले सगळे सिद्धेश्वराच्या जत्रेतले नंदीध्वज बघायला गेले. आम्ही दार लोटून बसलो होतो. लांबून हलगी ऐकू येत होती आणि मी कानात बोटं घातली, भिमा घालायचा तशी.

तेराव्यानंतर मायाक्का आली. सासूबाई बाहेर पाणी भरत होत्या. मला वाटलं आता ही मला शाप देणार. ती माझ्याजवळ बसली आणि हळू आवाजात म्हणाली, "पोरगी कुटं हाय?" मी म्हटलं, शाळेत. "शाळंतच ऱ्हाऊ दे," ती म्हणाली. मग म्हणाली, "मी सात वर्साची हुते. माजा भाऊ आजारी पडला म्हणून आईनं मला दिली. त्यो पुडच्याच सालाला गेला." मी म्हटलं, मग? "मग काय. आई म्हणली, तुज्या सेवंतच काय तरी खोट हाय." मी तिला विचारलं, मायाक्का, देवी तुमच्याशी बोलते का? ती पायाच्या बोटातली जोडवी फिरवू लागली. "न्हाय," ती म्हणाली. "लोक इचारत्यात म्हणून मी सांगती. लोकांनी न्हाय इचारलं तर मी खाऊ काय. ती गप्पच असती." मी म्हटलं, मग तुम्ही तिची पूजा का करता? तिला माझा प्रश्न समजलाच नाही असं वाटलं. म्हणाली, "सकाळी उटले की पयली तिलाच हाक मारती. दुसरं कोन हाय मला." सासूबाई आत आल्या तशी ती उठली आणि जाताना त्यांच्यादेखत मोठ्यानं म्हणाली, माघी पुनवेला आईच्या डोंगरावर मणी बांधायला घेऊन या पोरीला. तिचा मला राग आला नाही. तिला जगायचं आहे.

तेव्हापासून मी एकच गोष्ट मनात घोळवते आहे. ती तुला नीट सांगता येईल का माहीत नाही. सासूबाईंचं खरं असेल, तर देवी एका लेकराच्या बदल्यात दुसरं मागते, आणि नाही दिलं तर मारते. ते खरं असेल तर मला कुठेच जागा नाही. मग मी कुणापुढे दिवा लावू? मायाक्काचं खरं असेल, तर देवी कुणाकडून काही मागत नाही आणि कुणाला मारतही नाही. मग भिमा का गेला, याचं उत्तर कुणाकडेच नाही. मी दुसरं धरलंय. ते सिद्ध झालंय म्हणून नाही. मला ते धरल्याशिवाय उभं राहता येत नाही म्हणून. रोज सकाळी दिवा लावते. काडी विझते, परत ओढते. कधी कधी दिव्यापुढे बसून तोंडातून शिव्या निघतात. पण लावते. मी आले आहे एवढं तिला दिसावं. आण्णांचं हे एवढं सोपं वाटणारं बोलणं इतकं जड असेल, असं कधी वाटलं नव्हतं.

कदाचित मी असंच रेटत राहिले असते. पण परवा राजीनं विचारलं. मी तिच्या केसांना तेल लावत होते. ती म्हणाली, "आई, मी डोंगरावर गेले असते तर भिमा राहिला असता का?" मी नाही म्हटलं. ती म्हणाली, "तुला कसं माहीत?" मी तेलाची वाटी बाजूला ठेवली. मग तिनं मान खाली घालून सांगितलं, "मी जाते आई. आज्जी म्हणते तुझ्या पोटात बाळ आहे. त्याला काही व्हायला नको." हो मुक्ता, मला दिवस राहिले आहेत. भिमा आजारी पडायच्या आधीच राहिले होते, त्याच्या आजारात मला शुद्ध नव्हती. नऊ वर्षांची पोर. कुणी तिला ओढत नेणार नव्हतं. ती आपण होऊन चालत जाणार होती, माझ्या बाळासाठी, भावाच्या मरणाचं ओझं घेऊन. त्या क्षणी माझं ठरलं.

उद्या सकाळच्या गाडीनं बजाबाई मुलीच्या बाळंतपणासाठी पुण्याला निघाल्या आहेत. राजी त्यांच्याबरोबर तुझ्याकडे येते आहे, हे पत्रही. त्यांचं तोंड घट्ट आहे, त्यांना मी सगळं सांगितलंय. घरात मी फक्त राजीच्या वडिलांना सांगितलं. ते दाराच्या चौकटीला हात लावून उभे होते. म्हणाले, "कुटं धाडतीस त्ये मला सांगू नगंस. आईनं इचारलं तर माज्या तोंडातनं निगल." म्हणून मी सांगितलं नाही. उद्या सासूबाई देवळातून परत येऊन तिला शोधतील तेव्हा मी कशी उभी राहीन, ते मला ठाऊक नाही. त्या छाती बडवून घेतील, आणि मला त्यांना धरावं लागेल, कारण दुसरं कुणी धरणार नाही. तू मला उत्तर पाठवू नकोस. इथे आलेलं प्रत्येक पत्र सासूबाई नाक्यावरच्या कारकुनाकडून वाचून घेतात. पोर पोचली एवढं बजाबाई परत आल्यावर सांगतील. त्यानंतर काहीच नको. राजी दुसरी पास आहे. तिला रात्री एकटीला झोप येत नाही, सुरुवातीला जवळ घे. तोंडावर वण आहेत म्हणून ती नवीन माणसासमोर पदर तोंडाशी धरते, रागावू नकोस. आणि तिनं भिमाचं विचारलं तर तू तिला सांग. मी नाही म्हटलं तर तिला पटलं नाही. तू शिकलेली आहेस, तुझ्या तोंडून तिला पटेल. तू देवाशी बोलत नाहीस हे तिला सांगितलंस तरी चालेल. पण देवी तिच्यावर रागावली आहे असं तिला कधी वाटू देऊ नकोस.

आता ज्यासाठी हे पत्र लिहायला बसले ते लिहिते. राजीला ठेवून घे म्हणून सांगायला बजाबाई पुरल्या असत्या. तुला ओळखते मी, तू नाही म्हणणार नाहीस. हे पत्र माझ्यासाठी आहे. आषाढाच्या सुमाराला मी बाळंत होईन. ते मूल जगेल, त्याला ताप येईल, खोकला होईल, देवीसुद्धा येतील. सगळ्या मुलांना येतात. आणि त्या वेळी सासूबाई माझ्या कानाशी बसून तेच बोलतील, चाळ तेच बोलेल, आणि मूल माझ्या मांडीवर तापानं फणफणत असेल. मुक्ता, आज माझा देवावर भरवसा आहे, पण तो किती पातळ आहे ते मला माहीत आहे. त्या दिवशी तो तुटेल. मी गाडीत बसेन आणि तुझ्या दारात येईन. म्हणेन, राजीला दे, तिला डोंगरावर न्यायची आहे. तुझ्या पाया पडेन. तुला शिव्या देईन, तू वांझ विधवा, तुला लेकराचं काय कळणार, असंही म्हणेन, कारण कुठं बोललं की तुला लागतं ते मला ठाऊक आहे. भिमाची शपथ घालेन. तू विरघळू नकोस. हे पत्र मला दाखव. अक्षर माझं आहे, आणि हे लिहिलं तेव्हा मी शुद्धीवर होते. मग मला काही बोलू देऊ नकोस, राजीला आत ने, आणि माझ्या तोंडावर दार लावून घे.

तुझीच, आज तरी,
निंगव्वा